पहिलं नाव सुभेदारांचं

सुभेदार मिसळ कधीच खात नसत. पित्ताचा त्रास होता. तरी दर रविवारी आमच्या गल्लीतल्या मिसळवाल्या शकीलाभाभींच्या नंबराच्या वहीत पहिलं नाव त्यांचंच असे.

आमची गल्ली साताऱ्यातली. भाभींच्या मिसळीचा कुणीतरी व्हिडिओ काढला आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या आमच्या दारात लागू लागल्या. मला स्कूटर काढायची तर चार जणांच्या विनवण्या कराव्या लागत. समोरच्या लिंबाच्या कट्ट्यावर फौजेतून निवृत्त झालेली मंडळी सकाळी पेपर वाचत बसायची. गर्दीला कंटाळून ती एकेक करून घरी बसली. सुभेदार मात्र हलले नाहीत. "ह्यो कट्टा बांधला तवा आठ दिस पानी मी मारलंय," ते म्हणायचे. "पोस्ट सोडायची न्हाई."

एकदा फोटो काढणारी एक मुलगी म्हणाली, "काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." सुभेदारांनी टोपी सारखी केली, मिशांवरून हात फिरवला. "येनारच की! काढा आता."

पुढं जागेवरून भांडणं व्हायला लागली, तेव्हा भाभींनी पाटी लावली: 'नाव लिहिलेल्यांनीच कट्ट्यावर बसावे.' मी आपला शहाणपणा करायला गेलो. "आवं सुभेदार, रविवारचं घरीच बसा की."

ते भडकलेच. "आज रविवार दिला की उद्या सोमवार मागत्याल, गड्या!" आणि तडक जाऊन वहीत नाव लिहून आले.

नंबर आला की भाभी हाक मारत, "सुभेदार!" ते पेपरातून मान वर न काढता म्हणत, "मला घाई न्हाई. फुडचं घ्या." मग भाभी हसत त्यांचं नाव पुन्हा खाली लिहीत. दुपारपर्यंत हेच चाले. एखादी लेकुरवाळी उभी दिसली, तर मात्र ते सरकून जागा देत आणि बदल्यात तिला गल्लीचा सगळा इतिहास ऐकवत.

गेल्या थंडीत सुभेदार गेले. भाभींनी दोन रविवार चूल पेटवली नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी सवयीनं पहिलं नाव लिहिलं आणि सवयीनंच हाक मारली, "सुभेदार!"

पाहुणे इकडंतिकडं बघू लागले. भाभींच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी बाहेर काढत असलेली स्कूटर पुन्हा स्टँडला लावली आणि जाऊन कट्ट्यावर त्यांच्या जागी बसलो.

"तुमचं नाव लिवू काय?" भाभींनी हळूच विचारलं.

"लिवा," मी म्हणालो. "पर मला घाई न्हाई."