सपरीतली खाट

तुळसाबाईनं आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी "किती विड्या ओढता?" असं विचारलं, तेव्हा ती भडकली.

"धूर चुलीचा... खाल्ला म्या. विडीचा... नाही."

एवढं बोलतानाही तिला दम लागला. खाटेवर ती आडवी होतच नसे. गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकायची, खांदे वर ओढायची, अन् ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडायची. थुंकी तपासली, क्षय निघाला नाही. जन्मभर चुलीत कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुप्फुसं कामातून गेली होती. "घरी न्या, पण धुरात बसवू नका," डॉक्टरांनी तिच्या मुलाला, श्रावणला बजावलं.

फुलसावंगीचं घर एका खोलीचं, चूल त्यातच. श्रावणनं आईची खाट दाराबाहेर सपरीत, उघड्या ओसरीवर टाकली. "माय, अठी हवा हाये." तिचं ताट, तिचं पाणीही तिथंच ठेवलं. त्याचं मन साफ होतं. पण खोकणारी बाई घराबाहेर दिसली, अन् गल्लीनं समजायचं ते समजून घेतलं.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचं ते पाचवं वर्ष. घरात पहिला नातू आला. तुळसाबाईनं तो दारातूनच पाहिला. नाव ठेवायच्या दिवशी वंदना झाली, बाया नाकाला पदर लावून खाटेला वळसा घालून निघाल्या. सून कांता बाळ घेऊन दारात आली, तसे तुळसाबाईनं हात पुढं केले. शेजारची हंसाबाई मध्येच आली.

"राहू दे बुढे. तुह्या रोगाचा काय भरोसा?"

"मले... थो रोग नाही. डॉक्टरनं..."

"डॉक्टरचं काय जाते? थो राह्यते यवतमाळले!"

बाया हसल्या. कांतानं बाळ छातीशी आवळलं. ती वाईट नव्हती, भ्याली होती.

"माय, समद्यायले सांगतो मी उद्या," श्रावण म्हणाला. ते राहूनच गेलं.

एका सकाळी श्रावण शेतात गेलेला, चूल धुपत होती, पाळण्यात पोर रडत होतं. तुळसाबाई भिंत धरत आत आली.

"आत्याबाई, धूर हाये! काहून आल्या?"

"बाहेर बसतो म्हून... रोगी म्हनते मले. आता... आतच बसतो."

तिनं पोर उचललं. कांताचे हात पुढं आले, अन् तसेच राहिले. उबळ आली तेव्हा तुळसाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पोर सोडलं नाही.

पुढच्या थंडीत ती गेली. तोवर रोज स्वयंपाकाच्या वेळी ती चुलीपाशी बसायची, नातू मांडीवर, अन् गल्लीला दिसावं म्हणून दार सताड उघडं.