पिशवी काढल्यावरची पाळी

"पिशवी काढून तीन वर्सं झाली, म्याडम. अन् आता दर महिन्याला कपडा खराब व्हायलाय."

शोभा (नाव बदललं आहे) तपासणीच्या टेबलावर झोपून सांगत होती. शेजारी सासू उभी. तिनं निकाल आधीच लावला होता. "त्या डाक्टरनं काढलीच न्हाई. फसवलंय आमाला."

शोभा बत्तीस वर्षांची, ऊसतोडीला जाणारी. टोळी पंधरा दिवसांनी निघणार होती. त्याआधी, दोनच दिवसांनी, दुसऱ्या एका दवाखान्यात 'राहिलेली पिशवी' काढायचं ऑपरेशन ठरलं होतं. ते करावं का, हे विचारायला दोघी जीपनं केजला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. पहिल्या ऑपरेशनचा कागद एकही नाही.

पोटावर टाक्यांचा व्रण होता. सोनोग्राफी लावली. गर्भाशय, म्हणजे लोक जिला पिशवी म्हणतात ती, दिसेना. दोन्ही अंडाशय मात्र जागेवर. शोभा नुकतीच लघवीला जाऊन आली होती, मूत्राशय रिकामं असल्यामुळे खालचं धूसर होतं. मी प्रोब पुन्हा फिरवला.

"हाय का पिशवी?" सासू.

"नाही."

"मंग रगत कशाचं?"

"थांबा जरा."

"मशीन जुनी हाय का तुमची?"

मशीन नवीन होती. गोंधळले मीच होते. शेवटी आतून तपासणी केली. गर्भाशयाचं तोंड समोरच होतं!

गर्भाशय उलट्या ठेवलेल्या पेरूसारखं असतं. निमुळता भाग खाली, योनीत उघडणारा. ते त्याचं तोंड. काही ऑपरेशनांत वरचा भाग काढतात आणि तोंड ठेवतात. तिथं थोडं अस्तर उरलं, तर अंडाशयांच्या हार्मोनमुळे दर महिन्याला थोडा रक्तस्राव होऊ शकतो.

हे सोपं करून सांगावं म्हणून मी म्हणाले, "ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत राहतो ना? तसं."

शोभा ताडकन उठून बसली. "म्हंजी बुडख्यातनं खोडवा फुटणार? पिशवी परत वाढंल?"

"काढूनच टाका मंग," सासू म्हणाली. "खोडवा ठिवला की मशागत आलीच."

माझं उदाहरण मागे घेण्यात वीस मिनिटं गेली. मग कागदावर चित्र काढलं. एवढं गेलं, एवढं राहिलं. परत काही वाढत नाही.

शोभानं चित्रातल्या अंडाशयांवर बोट ठेवलं. "अन् ह्ये दोन?"

"हार्मोन यांच्यातूनच येतात. तुझ्या वयात हाडांना, झोपेला त्यांची गरज आहे."

"परवा ह्येबी काढणार हायेत. एकदाच सगळं मोकळं, म्हणले."

सासूनं चित्राचा कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "चांगलं हाय तर कावून काढायलेत?"

मलाही ते कळलं नव्हतं. तसंच सांगितलं. कॅन्सरची शंका नको म्हणून तोंडाचा नमुना तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका, असं बजावलं.

रिपोर्ट नॉर्मल आला. ऑपरेशन सासूनंच रद्द केलं. शोभा टोळीबरोबर गेली. महिन्याचे दोन दिवस डाग दिसतात, ती पॅड वापरते, घाबरत नाही. तोंड शाबूत असल्यानं ते अधूनमधून तपासून घ्यायचं, एवढं तिला पाठ आहे.

ऑपरेशननंतर काय काढलं ते आम्ही डॉक्टर सांगतो. काय ठेवलं ते सांगायचं राहून जातं. बाईला पुढची सगळी वर्षं त्याच्यासोबत जगायचं असतं.