आखूड नखांवरची मेंदी

“उघड मूठ! उघड म्हणते ना! सासरी बसून माहेरचा सण करतीस व्हय गं?”

मी दारात पाऊल टाकलं तेव्हा हे चाललं होतं. आवाज असा की आमच्या आळे गावात ही बाई ओरडली की शेजारच्या राजुरीतल्या म्हशी दूध चोरायच्या. ती त्या घरची थोरली, बागाईत राखून असलेल्या जुन्या घराण्यातली, आणि मनगट धरलं होतं ते तिच्या सुनेचं. पोर सतरा-अठराची. ओट्यावर पोरीचा भाऊ बसला होता. पिंपरी पेंढारहून तो बहिणीला दुसऱ्या दिवशीच्या पंचमीसाठी न्यायला आला होता आणि त्याचं तट्टू बाहेर पावसात भिजत होतं. मी गावची न्हावीण, काखेत नखं काढायच्या नराणीची पिशवी. त्या मुठीत काय आहे हे त्या अंगणात माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आदल्या दिवशी ते मीच केलं होतं.

नागपंचमीला आमच्याकडे कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मग बाप्यांच्या दाढ्या आणि बायांची नखं, सगळं आधीच्या दोन दिवसांत उरकायचं. त्या दोन दिवसांत मी एवढी नखं काढायचे की गोळा केली असती तर एका वावराचा बांध घालून झाला असता. माझी नराणी म्हणजे काय सांगू! एकदा ओढ्याला बिबट्या पाणी पीत होता, मी मागून जाऊन त्याच्या चार पायांची नखं काढून आले, तो शेपूट हलवत होता. नवरा म्हणायचा, “बिबट्या न्हाई, ते कुंभाराचं मांजर व्हतं.” त्याला काय कळतंय. तो नुसता हजामत करणारा माणूस.

पण मेंदीचं सांगते ते खरं आहे. बांगड्या भरायला जुन्नरहून एक मणेरीण यायची, तिच्याकडून मी ते उचललं. शहरातल्या बायांची नखं लांब, त्यांच्यावर कुणीही रंगवेल. आमच्या बायांची नखं जात्यानं, खुरप्यानं, शेणाच्या पाटीनं झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढी राहिलेली. त्यांच्यावर सगळं नख रंगवलं तर बोट ठेचल्यासारखं दिसतं. मणेरीण म्हणायची, “बहिना, छोटं नख असंल तर थोडी जागा सोडायला शीक.” मग नखाच्या बुडाशी कणकेची बारीक वळी चंद्रकोरीसारखी चिकटवायची, वरून मेंदी थापायची आणि वाळल्यावर कणीक उचलायची. खाली कोरी कोर राहते. मधल्या बोटाला दोन्ही कडा सोडून नुसता उभा पट्टा ओढायचा, आखूड नखही लांबट वाटतं. करंगळीला बाभळीच्या काट्यानं एकच ठिपका, बास. एवढं सोपं. पण हात पाहिजे. हात माझा होता, आणि त्याचा मला माज होता. उगाच कशाला लपवू.

तर आदल्या दिवशी दुपारी सासू मळ्यात गेलेली आणि मी परसात या पोरीची नखं काढत होते. लग्नाला हे तिसरं वर्ष. पहिल्या पंचमीला भातलावणी म्हणून धाडलं नाही, दुसऱ्या वर्षी नणंद बाळंतीण म्हणून. यंदा सासू कशी कोण जाणे, हो म्हणाली होती. पोरीच्या आईच्या अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात लुळा, अंथरुणाला खिळलेली. तीन कोसांवर माहेर, पण तीन वर्षांत पोरीनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. आळ्यापासून पिंपरी पेंढार म्हणजे काय, इकडं भाकरी थापायला घेतली तर तिकडं जाऊन कोरड्यास घेऊन यावं.

मी म्हटलं, “मेंदी काढू का गं?”

“नको मावशी. पंचमीची मेंदी आईच्याच घरी लागती. हितं लावली तर आत्याबाईंना चालायचं न्हाई.”

“तुझी आई कुठल्या हातानं लावणार?”

हे मी बोलायला नको होतं. पोरीनं पदर खोचला. मग तिनं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाली, “बरं, लावा. आईला नुसती दाखवंन.”

तिला दया आली आईची, आणि मला माझ्या हाताची मिजास. पाटीखाली वाटलेली मेंदी झाकून आणलीच होती मी. म्हणजे विचारायच्या आधीच ठरवलेलं. दहा नखं, सहांवर कोरी, मधल्या बोटांना पट्टे, करंगळ्यांना ठिपके. एरंडाच्या पानात बोटं बांधून तिला तासभर बसवलं. रंग असा चढला की परसातला कोंबडा आपला तुरा लपवून पळाला. संध्याकाळी चुलीच्या उजेडात सासूला काही दिसलं नाही. सकाळी भावाला पाण्याचा तांब्या देताना दिसलं.

आता अंगणात पोर माझ्याकडं बघत होती. कुणी केलं हे तिनं सांगितलं नव्हतं. मी पिशवी खाली टाकली आणि तोंड सोडलं.

“अवो थोरल्या बाई, सोडा तिला! मेंदी कसली? औषध हाय ते. नखुरडं झालंय पोरीला!”

“नखुरडं? दाही बोटांना?”

“एकाचं दहा व्हायला काय लागतं? राजुरीत एकीला करंगळीला झालं, दुर्लक्ष केलं, तिसऱ्या दिवशी कोपरापातूर गेलं. हात मुगदळावानी! चार माणसं लागली हात उचलून आत न्यायला. तिची सासू जवळ झोपायची, तिलाबी झालं. पायाच्या बोटांनाबी! मीच गेले मेंदी थापायला. पाटा झिजला, पण माणूस वाचलं.”

नखुरड्यावर मेंदी बांधतात हे खरंच आहे, तेवढा आधार होता मला. सासूनं मनगट सोडलं आणि स्वतःचा हात पदराला पुसला. “मला शिवली व्हती की गं काल,” ती पुटपुटली.

“मग तुमालाबी बांधू थोडी,” मी म्हटलं. “हिला चार दिस लांब ठिवलेलं बरं. माहेरी धाडताच हाय, आपसूक काम झालं.”

जमलं होतं. भाऊ उठला, तट्टाची दोरी सोडायला लागला. पोर आत जाऊन गाठोडं घेऊन आली. ते रात्रीच बांधून ठेवलेलं होतं, लगेच आली. आणि मी, एवढ्या खोट्यानं पोट भरलं नाही म्हणून, आणखी एक नखुरडं ओतूरला काढलं. त्यात एक बैल होता. बैलाच्या खुराला झालेलं. मी हात पसरून खूर दाखवत होते, सासू ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिनं सुनेचा हात पुन्हा उजेडात धरला. आता राग नव्हता, भीतीनं बघत होती. बोट उलटंसुलटं केलं. मग माझ्याकडं पाहिलं.

“न्हावणी, औषधाला चंद्रकोर लागती व्हय?”

खूर दाखवायला पसरलेले हात मी खाली घेतले.

“आन् ह्यो पट्टा? करंगळीला टिकली? नखुरड्याचं लगीन हाय का?”

नुसतं लपालपा थापलं असतं तर पोर त्या घटकेला तट्टावर बसली असती. औषध तसंच थापतात. पण मला जागा सोडायची होती ना, कोर काढायची होती.

आता सासू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडणारं माणूस दमतं. ती ओट्यावर बसली आणि भावाला म्हणाली, “पावणं, मेंदी लागंल तिथं लेकीचा सण, ही आमची रीत. तिची हितं लागली. हितंच झाली तिची पंचमी. आता तिकडं जाऊन दुसरी पंचमी कशाला? भाकर खावा आन् निघा.”

“आई वाट बघतीया,” भाऊ म्हणाला.

“दिवाळीला धाडू की. आमी काय न्हाई म्हणतोय का?”

पोर दिलेल्या घरी भाऊ काय भांडणार. तो जेवला नाही. तट्टाची दोरी हातात घेतली आणि पायीच निघाला, रिकामं तट्टू मागून. पोर गाठोडं घेऊन आत गेली. तिचं रडणं ऐकू येईल म्हणून मी कान देऊन उभी होते, पण आतून जातं सुरू झाल्याचा आवाज आला.

सासूनं पाय पुढं केले. “ये. आली हाईस तर माझी नखं काढ.”

आणि मी काढली. लोकांना सांगताना मी नेहमी म्हणायचे की तिच्या अंगठ्याला अशी नराणी लावली की रक्ताची चिळकांडी आढ्याला गेली. तसं काही झालं नाही. मी वीसच्या वीस नखं नीट, गोल, हळू हातानं काढली. एकही बोट दुखवलं नाही. आमचं वर्षाचं धान्य त्या खळ्यातून यायचं. निघताना तिनं मूठभर शेंगा दिल्या, त्या मी पदरात घेतल्या आणि वाटेत खाल्ल्या.

कातडीवरची मेंदी आठ-पंधरा दिवसांत जाते. नखावरची जात नाही. नख वाढून पुढं सरकेल तेव्हाच ती सरकते, आणि माझी मेंदी तर पक्की, मीच सगळीकडं सांगत फिरायचे. भाद्रपदात पिंपरी पेंढारहून सांगावा आला की पोरीची आई गेली. तेव्हा मात्र सासूनं लगेच धाडलं, स्वतःची गाडी जुंपून दिली, गावानं तिचं कौतुकही केलं. तिकडं बायांनी पाहिलं, आई गेलेली आणि लेकीची नखं अर्धी लाल. मढ्याच्या पायांवर हात ठेवला तेव्हा एकीनं ते दुसरीला दाखवलं. मला हे बाजारात एका ओळखीच्या बाईनं हसत सांगितलं. ती म्हणाली, “कशी पोर म्हणावी, सुतकात बोटं रंगवून आलेली.” मी तिच्याशी दिवसभर भांडले, असं मी सांगत आले. खरं तर मी “व्हय का?” म्हटलं आणि मिरच्या घेतल्या.

दिवाळीच्या आधी पुन्हा नखं काढायला त्या घरी जावं लागलं. सासू शेतात होती. पोर परसात येऊन बसली आणि दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले. लाली आता टोकाला राहिली होती, गव्हाच्या कण्यांएवढी. मी वाटेत सगळं बोलणं जुळवून आणलं होतं. म्हटलं, “पोरी, माझं चुकलं. मी तोंडाळ बाई, हाताची मिजास मला नडली. तुझ्या आईचं तोंड तुला बघाया मिळालं न्हाई ते माझ्यामुळं. पायतान काढ आन् हाण मला, पर काहीतरी बोल.”

ती नखांकडं बघत होती.

“बारीक काढा,” ती म्हणाली. “पीठ अडकतं.”