लाल गाडी आणि गणिताचा मास्तर

शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसानं स्पोर्ट्स कार घेऊ नये, असा काही नियम नाही. असायला पाहिजे होता. सन दोन हजारच्या आसपास मी हैदराबादहून एक जुनी, लाल, दोन दारांची गाडी आणली. हिंगोलीच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं आणि माझी छाती फुगायची. त्या फुगीत धाकट्या बहिणीला शब्द देऊन बसलो, "तुला सासरी कुरुंद्याला ह्याच गाडीत सोडतो."

लग्नाला चार दिवस उरले असताना मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "सर, टायमिंग बेल्टला चिरा पडल्यात. तुटला की चालत्या गाडीत इंजिन बंद, अन् कायमचंच. नवा यायला आठ दिवस लागतील. तवर गाडी काढू नका."

"अन् काढलीच तर?"

"शंभरेक किलोमीटर चालंल. न्हाई तर न्हाई."

शेवटचे तीन शब्द मी ऐकलेच नाहीत. कुरुंदा जाऊन-येऊन शंभराच्या आत. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात तो परण्या जेमतेम एक किलोमीटर. हिशेब बराबर बसत होता. घरात कुणाला अवाक्षर बोललो नाही.

परण्या निघाला, नवरदेव माझ्याच गाडीत. बँडपुढं पोरं नाचून राहिली होती. नवरदेवाला घाम येतोय म्हणून एसी चालू, म्हणजे इंजिनही चालू. एका किलोमीटरला तीन तास लागले. मी आपला किलोमीटरच्या आकड्याकडं बघून खूश. गाडी उभी असली तरी बेल्ट फिरतच असतो, हे काळ-काम-वेगाची गणितं घालणाऱ्या या गाढवाच्या ध्यानातही आलं नाही. मारुतीसमोर खटकन आवाज झाला आणि गाडी बंद पडली. वऱ्हाडानं ती नवरदेवासकट मांडवापर्यंत ढकलत आणली. स्टेअरिंग धरून मी जावयापेक्षा ताठ बसलो होतो.

संध्याकाळी बहीण जीपमध्ये बसली. रडून डोळे सुजले होते. मला जवळ बोलावून म्हणाली, "दादा, नको वाईट वाटून घेऊ. इथंच बंद पडली ते बरं झालं. रस्त्यात मागून ट्रक असता तर? तुला तरी काय म्हाईत होतं."

लग्नाला आलेला मिस्त्री माझ्या शेजारीच उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"व्हय," मी म्हणालो, "मला काय म्हाईत."

मिस्त्रीनं पुढं होऊन जीपचं दार नीट लावलं आणि माझ्याकडं न बघता घरी निघून गेला.