पाण्यानं गेलेला भाऊ
हळद शिजल्याचा वास आला की मला धाकटा भाऊ आठवतो. दारूला कधी न शिवलेला. वसमतकडच्या आमच्या शेतात तो उन्हात दिवसभर हळदीच्या कढईवर उभा होता. घाम गळत होता, भाकर खाल्ली नव्हती, तांब्यामागून तांब्या नुसतं पाणी पीत होता. दुपार कलल्यावर ओकला, झोकांड्या देत बरळू लागला. माझे दीर हसले, “काहून पाव्हणे, सकाळीच घेतली व्हय?” “न्हाई हो, पाणीच पेलो,” तो म्हणाला. उतरेल म्हणून त्याला गोठ्यात निजवलं. संध्याकाळी झटके आले तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “पेशींतले पंप मीठ बाहेर फेकत राहतात, म्हणून पाणी बेतात आत शिरतं. याचं घामानं मीठ गेलं, वरून नुसतं पाणी. पेशींबाहेरचं मीठ पातळ झालं, पाणी आत घुसलं अन् पेशी फुगल्या. कवटीत मेंदूला फुगायला जागा नसते, मावशी.” पहाटे तो गेला. गाव म्हणालं, दारूनं गेला. मी पाण्यानं म्हणायची, तर विचारायचे, कोणत्या विहिरीत? शेवटी सांगायचं सोडलं, आणि आता त्याची लेकही बापाला दारुडाच समजते.