रिव्हर्सच्या प्लेटा

"पुन्हा त्याच?" मी विचारलं.

"त्याच," वामननाना म्हणाले आणि ओल्या पंच्यात बांधलेलं गाठोडं त्यांनी काउंटरवर ठेवलं. गाठ सोडली तर आत चार गोल प्लेटा. झिजून अशा गुळगुळीत झालेल्या की त्यात तोंड पाहून भांग पाडावा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी धुळ्यात इंजिनच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर होतो. आमचा धंदा मुख्यतः विहिरीवरच्या डिझेल इंजिनांचा. नोझल, रिंगा, बेअरिंग, वायसर. नावेचं इंजिन असलेलं गिऱ्हाईक अख्ख्या पंचक्रोशीत एकच, वामननाना. नरडाण्याच्या पुढे तापीच्या एका धक्क्यावर त्यांची नाव चालायची. या काठचे लोक, सायकली, शेळ्या, कापसाची गाठोडी त्या काठी न्यायचे आणि तिकडचे इकडे आणायचे. गावाचं नाव सांगत नाही. नानांचे नातू आता मोठे झालेत आणि त्यांना हा किस्सा आवडत नाही.

आमच्या दुकानात शेठनी एक पाटी लावली होती: जुना पार्ट दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही. याचं कारण असं की गिऱ्हाईक तोंडाने काहीही सांगतं. "ते गोल असतं ना, ते द्या." इंजिनात गोल नसतं असं काय असतं? म्हणून नमुना बघायचा, माप घ्यायचं, मग डबा उघडायचा. हा नियम मी इतका पाळायचो की एकदा शेठच्या सासऱ्यांनाही हात हलवत परत पाठवलं होतं.

तर नानांचा नमुना. नावेच्या इंजिनाला गिअर बॉक्स असतो. त्यात प्लेटांचे दोन संच. एक नाव पुढे नेतो, दुसरा मागे घेतो. पुढचा दणकट असतो, कारण त्याला दिवसभर राबायचं असतं. मागचा हलका, कारण नाव मागे घ्यायची ती फक्त काठाला लावताना, मिनिटभर. आणि नाना दर वेळी घेऊन यायचे ते मागच्या, म्हणजे रिव्हर्सच्या प्लेटा. वर्षात ही तिसरी खेप.

"नाना, तुमची नाव पुढे जाते ना?"

"आते? जास ना! बठ्ठा गाव तिन्हावर बशीसन जास."

"मग रिव्हर्सच्या प्लेटा कशा झिजतात? पुढच्या कशा आहेत?"

"त्या? नव्या ना नव्या शेतस. बापना टाईमन्या."

आता डोकं चालवायला हवं होतं. पण माझ्या मागे शेठ बसले होते. ते म्हणाले, "सपकाळे, गिऱ्हाईक माल मागतंय, तुम्ही मुलाखत काय घेताय?" मी प्लेटा दिल्या.

पण या वेळी नाना गेले नाहीत. काउंटरला टेकून उभे राहिले. म्हणाले, पंधरा दिवसांनी, मंगळवारी, तालुक्याहून साहेब येणार आहेत. धक्क्याच्या ठेक्याची मुदत संपते आहे. साहेबांपुढे नाव दोन्ही काठांना लावून दाखवायची. जमलं तर ठेका पुन्हा तीन वर्षं नानांकडे, नाही तर वरच्या गावच्या माणसाकडे. त्याने नवी कोरी नाव आणून काठाला बांधूनही ठेवली होती. मागच्या महिन्यात भर पाण्यात नानांच्या प्लेटा घसरल्या होत्या आणि पंचवीस माणसं बांबूने ढकलत काठाला लागली होती. ही बातमी साहेबांपर्यंत पोचली होती.

"सपकाळे भाऊ," नाना म्हणाले, "मना बापनी हाई नाव चालाडी. मी चालाडस. ठेका गया ते मी काय करसू? काठवर बशीसन दुसरानी नाव दखसू?"

हे ऐकून मला वाईट वाटलं. म्हणून मी जे काउंटरवाल्याने कधी करू नये ते केलं. रविवारी सुट्टीच्या दिवशी एसटी धरून मी नाव बघायला गेलो. मी मूळचा पाचोऱ्याचा, मला पोहता येत नाही, हे मी नाना सोडून सगळ्यांना सांगितलं होतं.

नाव छान होती. रुंद, बसकी, मधोमध इंजिन. इंजिनाशेजारी गुडघ्याएवढा लिव्हर. लिव्हर पुढे ढकलला की पुढचा गिअर, मागे ओढला की मागचा. जगातल्या सगळ्या नावांत असंच असतं. आणि या नावेत लिव्हरच्या मागच्या बाजूला फळीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'पुढे'. पुढच्या बाजूला लिहिलं होतं, 'मागे'.

"हे कुणी लिहिलं?"

"बापनी."

नाव काठावर ओढून घेऊन मी खाली वाकून पंखा बघितला. नावेच्या बुडाशी असतो तो, पाणी कापून नाव ढकलणारा. लोक त्याला पंखाच म्हणतात आणि ते बरोबर आहे. छताचा पंखा उलटा फिरला तर वारा खाली न येता वर जातो, तसंच याचंही. म्हणून नावेचे पंखे दोन जातींचे मिळतात, उजवे आणि डावे. इंजिन ज्या बाजूला फिरतं, त्या जातीचा पंखा लागतो. नानांच्या इंजिनाला हवा होता उजवा. लावला होता डावा.

मग सगळा उलगडा झाला. नानांच्या वडिलांनी इंजिन एकीकडून आणि पंखा सुरतेकडच्या भंगारातून आणलेला. जोडणारा मिस्तरी विहिरीच्या इंजिनातला पक्का कारागीर. पण विहिरीवरचं इंजिन कुठे पुढे-मागे जातं? ते आयुष्यभर एका जागी उभं राहून पाणी उपसतं. पहिल्याच दिवशी लिव्हर पुढे ढकलला आणि नाव नारळासकट मागे गेली. मागे ओढला तर पुढे गेली. वडील म्हणाले, एवढंच ना? आणि त्यांनी रंगाचा डबा मागवला. पंखा बदलण्यापेक्षा अक्षरं बदलणं सोपं होतं.

तेव्हापासून ती नाव रिव्हर्स गिअरमध्ये तापी ओलांडत होती. मिनिटभर वापरायच्या प्लेटा दिवसभर घासल्या जात होत्या. आणि मी त्या बदलून देत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असं.

मी पंख्याचा व्यास मोजला. पिच काढली. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती पुढे सरकेल त्याचं माप. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून त्याच मापाचा, पण उजवा पंखा मागवला. 'उजवा' हा शब्द फोनवर चार वेळा बोललो.

पार्सल आलं ते चाचणीच्या आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी. मंगळवारी सकाळी मी रजा टाकून पहिल्या एसटीने निघालो. नाव काठावर कलती करून ठेवली होती. नाना, त्यांची बायको आणि मी, तिघांनी मिळून पंखा बसवला. नानांच्या बायकोला सगळा गाव अक्का म्हणायचा. ती नावेत पुढे बसून उतारूंचे पैसे घ्यायची, दोर फेकायची आणि पाणी उपसायची. लिव्हरला मात्र नाना कुणाला हात लावू देत नसत.

मी रंगाचा डबा मागितला. जुनी अक्षरं खरवडली आणि खरी लिहिली. पुढे तिथे 'पुढे', मागे तिथे 'मागे'. नानांना तीनदा समजावलं. नाना म्हणाले, "भाऊ, मी काय धाकला पोऱ्या शे का? समजनं."

नाव पाण्यात लोटली तोवर साहेब आलेच. सरावाला वेळ उरला नाही. इथे माझं चुकलं, पण ते मला दहा मिनिटांनी कळलं.

साहेब डेप्युटी इंजिनिअर, पांढरा सदरा, सोबत फॉर्म घेतलेला क्लार्क. दोघे नावेत बसले. मीही बसलो आणि फळी घट्ट धरली. अक्काने बांबूने नाव आत लोटली. मागे काठाशी गावच्या म्हशी डुंबत होत्या, त्यांच्या पलीकडे वरच्या गावचा माणूस आपल्या नव्या नावेत बसून बघत होता. नानांनी हात जोडले, इंजिन चालू केलं आणि लिव्हर धरला.

आणि मागे ओढला.

नाव सरळ मागे गेली. नव्या पंख्याने जोरात गेली. मी "पुढे! पुढे!" ओरडलो. नाना "पुढेच ना!" म्हणाले आणि लिव्हर आणखी मागे ओढला. शेवटी अक्कानेच इंजिन बंद केलं. नाव घसरत जाऊन म्हशींच्या मधोमध गाळात टेकली. एका म्हशीने नावेवर मान टाकून साहेबांकडे बघितलं. बाकीच्या हलल्यासुद्धा नाहीत.

"नवा पंखा आहे साहेब," मी म्हणालो. "हात बसायचाय."

बांबूने परत आत आलो. या वेळी नानांनी मोठ्याने म्हटलं, "पुढे." दात आवळले. अक्षरांकडे बघितलं. आणि हात मागे गेला. पुन्हा म्हशी.

नाना घामाघूम झाले होते. आपल्याच हाताकडे असे बघत होते, जणू तो शेजाऱ्याचा असावा. हळूच म्हणाले, "भाऊ, मना हात ऐकस नही." मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. शहाणपणा करून या माणसाचा ठेका मीच घालवत होतो.

क्लार्कने विचारलं, "साहेब, 'नाव मागे घेण्याची चाचणी' या रकान्यात काय लिहू?"

"समाधानकारक," साहेब म्हणाले. "दोनदा घेतली." मग नानांकडे वळले. "आता एकदा पुढे जाऊन दाखवा. पुन्हा मागे गेली तर माझा नाइलाज आहे."

काठावरून वरच्या गावचा माणूस ओरडला, "साहेब, मनी नाव लयू का?"

अक्का उठली. पदर खोचला आणि नानांना म्हणाली, "सरका."

"तुले काय येस?"

"काहीच नही येस. तेच ते बरं शे." मग मला म्हणाली, "भाऊ, कथा ढकलू, मांगे का पुढे?"

"पुढे," मी म्हणालो.

तिने लिव्हर पुढे ढकलला. तिच्या हाताला नानांसारखी पंधरा वर्षांची सवय नव्हती. पुढे म्हटलं, पुढे गेला. आणि नाव निघाली. अशी निघाली की क्लार्कचा फॉर्म उडाला आणि मी फळीसोबत साहेबांचा हातही धरला. हलक्या रिव्हर्सवर रांगणारं ते इंजिन पहिल्यांदाच खऱ्या गिअरमध्ये पळत होतं. नाव हळू चालते असं नानांना कधी वाटलंच नव्हतं. तुलना करायला दुसरी नाव होती कुठे?

पलीकडचा काठ अंगावर येऊ लागला. "आते थांबाडू कशी?" अक्काने विचारलं. मी म्हणालो, "मधे आणा, मग थोडा मागे ओढा." तिने तसंच केलं. रिव्हर्सने पहिल्यांदा रिव्हर्सचं काम केलं आणि नाव अल्लद काठाला टेकली. परत येतानाही तसंच.

साहेबांनी पेन काढलं. "ठेकेदार वामन, ते ठीक आहे. पण चालक कोण लिहू?"

अक्का पदर सोडत होती. नानांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आपल्या हाताकडे. त्यांना ते जड गेलं हे सगळ्यांना दिसलं. मग म्हणाले, "तिन्हं नाव लिखा."

ठेका राहिला. जेवताना मला सुचलं की लिव्हरच्या खालचा दांडा एका भोकातून काढून वरच्या भोकात घातला, तर लिव्हर उलटा चालेल. म्हणजे मागे ओढला की पुढचा गिअर. नानांच्या हाताला जशी सवय तसाच. पाच मिनिटांचं काम. हे सकाळी सुचलं असतं तर म्हशींना त्रास झाला नसता. मी तसं बोलून दाखवलं.

नानांचे डोळे चमकले. पण अक्काने ताटात भाकरी वाढता वाढता सांगितलं, "ऱ्हाऊ द्या भाऊ. आते मना हात बसना."

नानांनी ताटातच हात धुतला. उठून दोर गुंडाळायला गेले.

दुकानात शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वर्षाला तीन संच नेणारं गिऱ्हाईक होतं. तुम्ही रजा टाकून जाऊन ते दुरुस्त करून आलात."

एक गोष्ट मात्र मी तेव्हापासून पाळली. पार्ट बदलण्याआधी तो चालवणाऱ्याचा हात बघायचा. जित्याची खोड असते, आणि तिचा स्पेअर कुठल्याच डब्यात मिळत नाही.

पुढे कित्येक वर्षांनी एका दुपारी अक्का दुकानात आली. मागे नाना, हातात पिशवी. अक्काने आधी शेठची पाटी बघितली, मग नानांना खूण केली. नानांनी पिशवीतून ओला पंचा काढून काउंटरवर ठेवला आणि गाठ सोडली.

"नमुना," अक्का म्हणाली.

मी प्लेटा उलटून पाहिल्या. पुढच्या गिअरच्या होत्या.