बोटापुरता खटका

दुकानदाराने माझ्यापुढे एक छोटी पट्टी ठेवली. तिच्यावर कीबोर्डच्या बटणांखाली असतात ते निरनिराळे स्विच बसवलेले होते. "दाबून बघा मॅडम, बोटाला पटेल तो घ्या," तो म्हणाला.

मी घरी बसून अनुवाद करते. निवृत्त झाल्यापासून नवरा पलीकडच्या खोलीत पेपर वाचतो आणि माझी टकटक ऐकतो. जेवताना विचारतो, "मघाशी बराच वेळ थांबली होतीस. कुणाचा फोन होता?" एका शब्दापाशी अडले होते, हे त्याला सांगण्याचाही मला आता संताप येतो.

पहिला स्विच खणखणीत वाजला. दुसरा इतका गुळगुळीत, की दाबल्याचं बोटाला कळलंच नाही. तिसऱ्यात मध्येच बारीकसा खटका लागायचा, पण आवाज अजिबात नव्हता. मी तो पुन्हा पुन्हा दाबत राहिले. आपल्याला कळावं आणि दुसऱ्याला कळू नये, एवढीशी जागा बाईला स्वतःच्या घरात का मिळू नये?

त्याच स्विचचा कीबोर्ड घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरा दारात येऊन उभा राहिला.

"आज काम नाही वाटतं?"

"चालू आहे."

"मग आवाज कसा नाही?"

"तुला ऐकू यावा म्हणून मी काम करत नाही."

तो हलला नाही. स्क्रीनची पाठ त्याच्याकडे होती. मी अनुवाद बाजूला ठेवला, कोरं पान उघडलं, आणि आजवर त्याला जे बोलले नव्हते ते सगळं, त्याच्या डोळ्यांत बघत, टाइप करू लागले.